आधी वही, मग पाना

तंजावरच्या पडवीत जुन्या मोटारीचे इंजिन उतरवताना

जुन्या वस्तूंविषयी आपल्या घरांतून एक हळवेपणा आढळतो. पणजीचा पानाचा डबा, आजोबांचे किल्लीचे घड्याळ, लाल बासनात बांधलेली पोथी या वस्तू आता कोणाच्या उपयोगी पडत नसल्या तरी त्या टाकून द्याव्यात असे कोणाच्या मनात येत नाही. फडताळातील एखादा कोपरा त्यांच्यासाठी राखलेला असतो. मोटारगाडीची गोष्ट मात्र निराळी. ती फडताळात मावत नाही. ती पडवी अडवते, तिचा पत्रा गंजतो, टायर बसतात, आसनांत उंदीर घर करतात आणि दर वर्षी सणावाराला साफसफाई निघाली की घरात एकच प्रश्न उभा राहतो : हिचे करायचे काय?

या प्रश्नाला उत्तरे तीनच. भंगारात देणे, आहे तशी झाकून ठेवणे, किंवा घरच्या घरी तिला पुन्हा चालती करणे. तिसरे उत्तर स्वीकारणाऱ्याला आज ना उद्या एका अवघड टप्प्याशी यावे लागते. तो टप्पा म्हणजे गाडीच्या पोटातून इंजिन बाहेर काढणे. तोपर्यंत गाडी बंद असली तरी ती गाडी असते. त्यानंतर मात्र ती सुट्या भागांचा ढीग होऊन बसण्याचा धोका असतो. मोठ्या हौसेने उघडलेल्या आणि पुन्हा कधीच न जुळलेल्या गाड्या आपल्याकडे गावोगावी दिसतात. त्यांच्या मालकांकडे हौस कमी नव्हती, पुष्कळदा पैसाही कमी नव्हता. कमी पडली ती नोंद.

ही गोष्ट समजून घेण्यासाठी तंजावरात एक फेरी मारणे उपयोगाचे ठरेल. मोटारी तयार करणारे हे गाव नव्हे. पण जड वस्तू हलवणे, तोल सांभाळणे आणि जे पाहिले ते लिहून ठेवणे या तिन्ही गोष्टींचे धडे या गावाने पूर्वीच घालून दिलेले आहेत.

कुर्ल्याची गाडी, कावेरीचा काठ

तंजावरशी मराठी माणसाचे नाते सर्वश्रुत आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७० च्या दशकात येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. बृहदीश्वराच्या भव्य मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आजही पाहावयास मिळतो. तंजावर आणि कुंभकोणम परिसरात घरात मराठी व दारात तमिळ बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

अशाच एखाद्या घराच्या पडवीत एक जुनी प्रीमियर पद्मिनी उभी आहे, असे क्षणभर समजू. आजोबांनी ती १९७४ च्या सुमारास घेतली. आता ती नातवाच्या वाट्याला आली आहे आणि त्याने तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचे मनावर घेतले आहे.

गाडी कल्पनेतील असली तरी तिचा वंश खरा आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही वाहनांचे कारखाने भारतात उभे करण्याचा ध्यास घेतला होता. त्यांपैकी मोटारींसाठी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईतील कुर्ल्याला तिचा कारखाना उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने येथे तयार होऊ लागलेली गाडी १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसेडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन गाड्यांनी तो काळ व्यापला होता.

त्या काळी मोटार घेणे म्हणजे दुकानात जाऊन वस्तू आणणे नव्हते. आधी नोंदणी करावयाची, अनामत भरावयाची आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. आपल्या बँकेच्या ज्येष्ठ ग्राहकांना ते दिवस आठवत असतील. म्हणून अशा गाडीत घराची केवळ रक्कम गुंतलेली नसते. त्या रकमेसाठी मोडलेल्या ठेवी, पुढे ढकललेली इतर खरेदी आणि गाडी दारात आली त्या दिवशीचे पेढे हेही तिच्या किमतीत धरावे लागतात. कुर्ल्याचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी वयोमर्यादेमुळे निवृत्त झाली. आता उरलेल्या बहुतेक पद्मिनी अशा घरगुती पडव्यांतूनच आहेत. त्यांतील एक जरी अर्धवट उघडी राहिली तरी ती कायमची गेली, असेच समजावे लागते.

उतरवणे खरोखर आवश्यक आहे का?

इंजिन उतरवण्याचा मोह लवकर होतो. उघड्या बॉनेटखाली काळवंडलेले यंत्र पाहिले की ‘सगळेच काढून एकदा स्वच्छ करू’ असे वाटू लागते. जाणता मिस्त्री मात्र आधी रोग ओळखतो आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करतो.

पद्मिनीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, एका रांगेत चार सिलिंडर असलेले, पेट्रोलवर चालणारे आहे. त्याचा मुख्य ठोकळा बिडाचा आणि वरचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. रचना साधी असल्याने त्याची दुखणीही बाहेरून बरीचशी कळतात. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर तेल जळत आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड झिजले असण्याचा संभव आहे. तेल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, म्हणजे बहुधा हेडचे गॅस्केट गेले आहे. खालून जड ठोक्यांचा आवाज येत असेल तर बेअरिंगांकडे पाहावे लागते. यांपैकी गॅस्केटचे व व्हॉल्व्हचे काम इंजिन जागेवर ठेवूनच करता येते. बेअरिंगांचा ठोका किंवा सिलिंडरची मोठी झीज असेल, तेव्हाच संपूर्ण इंजिन बाहेर काढणे इष्ट ठरते.

अनेक वर्षे बंद असलेले इंजिन पुष्कळदा जाम झालेले असते. अशा वेळी बॅटरी लावून स्टार्टर फिरवण्याची घाई करू नये. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि नंतर पान्याने हाताने इंजिन फिरवून पाहावे. संयमाने सुटणारी गोष्ट जोराने मोडते, हा अनुभव इथे पहिल्याच दिवशी येतो.

हंगामाचाही विचार करावा लागतो. तंजावरला पावसाचा मोठा भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत येतो. त्या दमट हवेत सिलिंडरचा उघडा पृष्ठभाग पाहता पाहता तांबूस होतो. म्हणून पोंगलनंतर, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर, काम हाती घेणे शहाणपणाचे.

वहीचे दोन रकाने

निर्णय झाला की हात लगेच पान्याकडे जातो. तो तेथून काढून आधी पेनाकडे न्यावा.

एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. प्रत्येक पानावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात ‘काढले’ आणि उजव्या रकान्यात ‘बसवले’ असे लिहावे. काढलेल्या प्रत्येक भागाची नोंद डावीकडे तारखेनिशी व्हावी : भाग कोणता, कोठून काढला, किती नट-बोल्ट निघाले, वायसर किती व कोणत्या क्रमाने होते, स्थिती कशी होती आणि तो आता कोणत्या डब्यात आहे. उजवा रकाना त्या वेळी रिकामाच राहतो. तो भरण्यास कदाचित सहा महिने लागतील, कदाचित दोन वर्षे. नोंद आवश्यक ठरते ती याच मधल्या काळासाठी. आठवडाभर टिकणारी आठवण वर्षभर टिकेल असे कोणीही गृहीत धरू नये.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात छायाचित्रे घेणारा मोबाइल आहे आणि त्याचा उपयोग अवश्य करावा. तथापि छायाचित्र सगळे सांगत नाही. बोल्ट हाताने सुटला की पहार लावावी लागली, दोन सारख्या दिसणाऱ्या बोल्टांपैकी लांब कोणता होता, तार कोठे कुरतडलेली होती, या गोष्टी शब्दांतच राहतात. छायाचित्राचा क्रमांक वहीत लिहिला तर दोन्ही पुरावे एकमेकांस पूरक ठरतात.

ही पद्धत नवी वाटेल, पण तंजावरला ती दोनशे वर्षे जुनी आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेले सरफोजीराजे दुसरे हे विद्याव्यासंगी राजे म्हणून प्रसिद्ध आहेत. १७९९ च्या तहानंतर राज्यकारभार इंग्रजांच्या हाती गेला. राजांनी आपले लक्ष ग्रंथ, वैद्यक आणि शास्त्रे यांकडे वळवले. सरस्वती महाल ग्रंथालयाची मोठी वाढ त्यांच्याच कारकिर्दीत झाली. धन्वंतरी महाल या त्यांच्या वैद्यकीय संस्थेत नेत्ररोगांवर उपचार होत असत. त्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणीत काय दिसले, कोणता उपचार केला आणि पुढे काय झाले हे त्यांत लिहिलेले असून सोबत रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रेही काढलेली आहेत.

छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. उपचारापूर्वी डोळा कसा होता, हे उपचारानंतर कोणालाही सांगता येत नाही; ते आधीच टिपून ठेवावे लागते. इंजिनाबाबतही नेमके हेच आहे. एकदा पाना फिरला की ‘पूर्वी कसे होते’ हे विचारण्यास जागा उरत नाही.

रथाच्या चाकाखालची पाचर

तंजावरच्या थोरल्या मंदिराचा रथोत्सव सुमारे शतकभराच्या खंडानंतर एप्रिल २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाला. नव्याने बांधलेला तो उंच लाकडी रथ राजवाड्याभोवतीच्या राजवीथींतून हजारो हातांनी ओढला जातो. पाहणाऱ्यांचे डोळे वर कळसाकडे असतात. रथाची सुरक्षितता मात्र खाली, चाकांजवळ चालणाऱ्या माणसांच्या हाती असते. लाकडाच्या जाड पाचरी चाकाखाली सरकवून ते रथ थांबवतात, वळवतात, उतारावर रोखतात. ओढणारे हजार असले तरी थांबवण्याची व्यवस्था आधी करावी लागते.

घरच्या कामातही पहिली वस्तू हीच. जमीन सपाट व टणक असावी. मातीच्या अंगणात जॅक रुततो आणि गाडी कलते. मागील चाकांच्या पुढे व मागे पाचरी घालाव्यात. गाडी उचलून तिच्याखाली शिरण्याची वेळ आली तर ती नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नये, पक्क्या लोखंडी घोड्यांवर टेकवावी. विटांचे थर रचून त्यांवर गाडी ठेवण्याची सवय अनेकांना आहे. वीट अचानक फुटते आणि फुटण्यापूर्वी सूचना देत नाही.

मोकळे करण्याचा क्रम

इंजिन गाडीत केवळ दोन-तीन आधारांवर बसलेले असते. पण त्याचे गाडीशी असलेले संबंध पुष्कळ असतात. पाणी, तेल, पेट्रोल, वीज, धूर आणि गती अशा सहा वाटांनी ते गाडीला जोडलेले असते. या सहाही वाटा रीतसर बंद झाल्यावाचून इंजिनाला उचलण्याचा दोर लावू नये.

प्रथम बॅटरीची तार सोडवावी, तीही आधी गाडीच्या सांगाड्याला जोडलेली. पाना चुकून पत्र्याला लागला तरी त्यामुळे ठिणगी उडत नाही. बॉनेट काढताना बिजागऱ्यांभोवती खडूने किंवा टोकदार खिळ्याने खूण करावी, म्हणजे पुढे ते पूर्वीच्याच जागी बसते. त्यानंतर रेडिएटरमधील पाणी आणि इंजिनातील तेल वेगवेगळ्या भांड्यांत काढून घ्यावे. हे तेल गटारात किंवा परसात ओतणे हा गुन्हाच समजावा. वापरलेले तेल नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते आणि ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जावे लागते. कावेरीच्या सुपीक खोऱ्यात तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

पेट्रोलची नळी सोडवून तिचे तोंड घट्ट बंद करावे. त्या दिवशी पडवीत विडी, उदबत्ती किंवा देवापुढचा दिवाही नसावा. वाळूची बादली हाताशी असावी. मग तारांची पाळी येते. डायनॅमो, स्टार्टर, कॉइल, तेलाचा दाब व पाण्याचे तापमान दाखवणारी यंत्रे यांना जाणाऱ्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक असलेली चिठ्ठी बांधावी. चार प्लगांच्या चार तारा दिसावयास सारख्याच असतात. त्यांचा क्रम चुकला तर इंजिन सुरू होत नाही, किंवा खोकत, उसळत सुरू होते.

धुराच्या नळीचे नट हे या कामातील सर्वांत हट्टी. उष्णता आणि ओलावा यांनी ते गंजून एकजीव झालेले असतात. त्यांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल टाकावे आणि दुसऱ्या दिवशी थोडे पुढे, थोडे मागे असे करीत ते सोडवावेत. सरळ जोर केला तर बोल्टचे डोके तुटून हातात येते आणि पाच मिनिटांचे काम दोन दिवसांचे होते.

शेवटी गतीची वाट. इंजिन एकट्याने काढावयाचे की गियरबॉक्ससह, हे आधीच ठरवावे. एकट्याने काढावयाचे असेल तर गियरबॉक्सला खालून जॅकचा आधार द्यावा, दोघांना जोडणारे बोल्ट काढावेत आणि इंजिन प्रथम सरळ पुढे ओढून मगच वर उचलावे. गियरबॉक्सचा दांडा क्लचप्लेटमधून पूर्ण बाहेर येण्याआधीच इंजिन उचलले तर त्याचा सगळा भार त्या दांड्यावर येऊन प्लेट वाकते. गियरबॉक्ससह काढावयाचे असेल तर गियरच्या दांडीचे जोड, क्लचचा जोड आणि मागील चाकांकडे जाणारा दांडा हेही सोडवावे लागतात. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसलेले असते, त्यांचे बोल्ट सर्वांत शेवटी, भार दोरावर आल्यानंतरच काढावेत.

डोलणाऱ्या बाहुलीचा धडा

तंजावरची डोलणारी बाहुली साऱ्या देशाला ठाऊक आहे. भौगोलिक मानांकन लाभलेल्या या बाहुलीचा तळ गोलसर आणि जड असतो. तिला आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते, कारण तिच्या वजनाचा मध्य तळाशी असतो आणि वजन नेहमी खालची जागा शोधते.

दोराला लटकलेले इंजिन हाच नियम पाळते, फक्त ते लहान मुलाचे खेळणे नसते. पूर्ण जोडलेले इंजिन आणि गियरबॉक्स मिळून वजन दोन धडधाकट माणसांहून अधिक भरते. हुक नेमका वजनाच्या मध्यावर नसेल, तर शेवटचा बोल्ट सुटताच इंजिन झोका घेऊन स्वतःच आपला मध्य हुकाखाली आणते. त्या झोक्याच्या आड कोणाचा हात आला तर तो सुटत नाही. म्हणून बोल्ट काढण्यापूर्वी दोर थोडा ताणून, इंजिन कोणत्या बाजूला झुकते हे पाहावे आणि बांधणी सुधारून घ्यावी. गियरबॉक्ससह काढताना मात्र पुढची बाजू उंच व मागची खाली असा कल मुद्दाम ठेवावा लागतो, कारण तेवढ्या लांबीचा भाग त्या जागेतून आडवा बाहेर येत नाही.

बांधणीचेही एक गणित आहे. इंजिनाच्या दोन टोकांना साखळीचे दोन पदर बांधून ते वर हुकात अडकवतात. हे पदर उंच व उभट असतील तर भार दोघांत वाटला जातो. ते पसरट झाले की प्रत्येकावरील ताण वाढत जातो. समजा वजन १०० किलो आहे. दोन पदरांमधील कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक पदरावर सुमारे ५८ किलोंचा ताण येतो. कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येकावर पूर्ण १०० किलोंचा. साखळी तीच, वजन तेच. तुटण्याची शक्यता मात्र वाढलेली. म्हणून साखळी आखूड पडली म्हणून ताणून बांधू नये, लांब साखळी आणावी.

उचलण्यासाठी चेनपुली वापरतात. हातांनी साखळीचे अनेक हात ओढले की वजन जेमतेम वीतभर वर चढते. जोर थोडा लागावा म्हणून अंतर अधिक मोजावे लागते, असा तो सरळ व्यवहार आहे. ही चेनपुली कशाला टांगावयाची हा खरा प्रश्न. जुन्या कौलारू घरातील सागवानी तुळई भक्कम दिसते आणि मोह होतो. परंतु ती छपराचा सर्वत्र पसरलेला भार पेलण्यासाठी असते, एका बिंदूवरील लोंबत्या भारासाठी नव्हे. आत वाळवी लागली असेल तर ते बाहेरून दिसतही नाही. लोखंडी नळ्यांची पक्की तिकाटणी किंवा भाड्याने मिळणारी चाकांची उचलणी हाच योग्य मार्ग होय. इंजिन लटकत असताना त्याच्याखाली कोणीही जाऊ नये, पडलेला पाना उचलण्यासाठीसुद्धा. इंजिन वर आले की ते तसेच ठेवून गाडी मागे ढकलावी, इंजिन लगेच खाली घ्यावे आणि पक्क्या लाकडी चौकटीवर टेकवावे. घरातील मुलांना हा सोहळा पाहू द्यावा, पण दारातूनच.

क्रमांक आणि कायदा

इंजिन बाहेर आले, रॉकेलने पुसले गेले, की पहिले काम म्हणजे ठोकळ्यावर ठसवलेला इंजिन क्रमांक वाचून तो गाडीच्या नोंदणी-पुस्तकाशी ताडून पाहणे. हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. घासकामात तो पुसला जाणार नाही, ही दक्षता घ्यावी.

याचे महत्त्व आता अधिक वाढले आहे. ‘जुने इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा दुसरे डिझेल इंजिन टाका, गाडी जास्त चालेल,’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. इंजिन बदलले तर त्याची नोंद परिवहन कार्यालयात करणे बंधनकारक असते. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे ठरवण्यात आली. त्यासाठी अट अशी की, गाडीचा सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मूलभूत बदल केलेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, फेरी, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापरासाठी नाही.

आजोबांची १९७४ ची पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीला पोचली. तिचे मूळ इंजिन बिनकामाचे ठरवून भंगारात दिले, तर ही वाट नातवासाठी बंद होण्याची भीती आहे. पडवीतला एक दिवसाचा निर्णय गाडीची पुढील ओळख ठरवतो, तो असा.

हिशोब जुळतो तेव्हा

पुढचे बरेचसे काम घरात होत नाही. सिलिंडरची झीज मोजणे, बोअर करणे, क्रँकची घासाई ही कामे यंत्रशाळेतच करून घ्यावीत. तेथील मिस्त्री तमिळ बोलणारा असेल आणि घरातील माणसे मराठी. तरी पिस्टन, रिंग, गॅस्केट, बेअरिंग हे शब्द दोघांचे सारखेच असतात. ‘मिस्त्री’ हा शब्दही तमिळमध्ये ‘मेस्तिरि’ या रूपात आढळतो, कारण दोघांनीही तो पोर्तुगीजांकडून घेतला आहे. जुन्या फियाटचा ठोका नुसत्या कानाने ओळखणारी कारागिरांची पिढी आता वयोवृद्ध होत चालली आहे. त्यांनी सहज सांगितलेली माहितीही वहीत उतरवून घ्यावी. ती कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही.

मग एके दिवशी जोडणीस प्रारंभ होतो आणि वहीचा उजवा रकाना भरू लागतो. शेवटचा भाग प्रथम, पहिला भाग शेवटी, असे उलट्या क्रमाने पान मागे मागे जाते. बँकेत दिवसाचे व्यवहार संपल्यावर रोकड मोजतात आणि ती वहीशी जुळल्यावाचून कोणी उठत नाही. एक रुपया जास्त निघाला तरी तो कोणाचा हे शोधावेच लागते. इथेही तसेच. सगळे बसवून झाले आणि ताटलीत एक बोल्ट उरला, तर ‘जास्तीचा असेल’ असे म्हणून तो खिशात टाकू नये. तो कोठल्या तरी जागेवरून गैरहजर आहे. वहीत पाहिले की ती जागा सापडते. वही नसेल तर ती जागा रस्त्यात सापडते.

तमिळनाडूत नवरात्राच्या नवमीला आयुधपूजा मोठ्या उत्साहाने होते. आपल्याकडील खंडेनवमीच ती. पाने, हातोडे, शिवणयंत्रे, वाहने यांना गंध-कुंकू लावतात, गाडीच्या चाकांखाली लिंबे ठेवून ती चिरडतात. पडवीतील त्या पद्मिनीचे काम पोंगलनंतर सुरू झाले आणि सगळे नीट पार पडले, तर एखाद्या वर्षीच्या आयुधपूजेला ती आपल्या चाकांनी लिंबे चिरडत दाराबाहेर निघेल. त्या दिवशी हार गाडीला घालतात, गंध पान्याला लावतात. पुठ्ठ्याची, तेलकट बोटांचे डाग पडलेली, दोन्ही रकाने भरलेली ती वहीही त्या पाटावर ठेवावी. तिचा मान पान्याहून तसूभरही कमी नाही.